दहशतवादाचे सिद्धांत तपासताय? या चुका टाळा

‘गरिबीतून दहशतवाद जन्मतो.’ एम.ए.चे लघुप्रबंध दरवर्षी याच वाक्यानं सुरू होतात. मी लगेच माणसं दाखवायला सांगतो. 1881 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरवर बॉम्ब टाकण्याची खूण करणारी सोफिया पेरोव्स्काया एका माजी गव्हर्नरची मुलगी होती. पश्चिम जर्मनीतल्या ‘रेड आर्मी फॅक्शन’ या डाव्या दहशतवादी गटाची गुडरून एन्सलिन पाद्र्याची लेक, तर 9/11च्या विमान अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा हाम्बुर्गमध्ये नगररचना शिकलेला. म्हणून गरिबी बादच, असंही लिहू नका. संघटना शिकलेल्यांनाच निवडून घेते, हीही शक्यता आहे.

याहून मोठी चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. एका विद्यार्थिनीनं बारा संघटनांचा तक्ता केला. बाराही ठिकाणी बेरोजगारी, बाराही ठिकाणी स्फोट. मार्गदर्शक मीच, आणि तक्ता मला पटला होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, “बेरोजगारी आहे पण स्फोट नाहीत, असे प्रदेश कुठे आहेत?” ती गप्प, मीही गप्प. सहा महिन्यांची मेहनत तिथंच कोसळली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पेप यांच्या सिद्धांतावरही हाच आक्षेप आला. परकीय लष्करी ताबा हे आत्मघाती हल्ल्यांमागचं मुख्य कारण, हे त्यांनी मांडलं ते 1980 ते 2003 मध्ये झालेल्या हल्ल्यांवरून. ताबा असूनही असे हल्ले झाले नाहीत ते देश त्या यादीत येणारच कसे? तेव्हापासून माझ्याकडे तक्त्याचा पहिला रकाना ‘जिथं घडलं नाही’ हा असतो. तो भरायला वेळ लागतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओवरून सिद्धांत उचलणाऱ्यांना तेवढा धीर नसतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

अभ्यासक डेव्हिड रॅपोपोर्ट आधुनिक दहशतवादाच्या चार लाटा सांगतात: अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी आणि धार्मिक. पण या लाटा म्हणजे कॅलेंडर नव्हे. धार्मिक लाटेच्या ऐन भरात तमिळ टायगर्स राष्ट्रवादासाठीच लढत होते.

व्याख्या आधी ठरवा, मध्येच बदलू नका.

आणि उगमाचं कारण पुढच्या वाटचालीला चिकटवू नका. स्पेनमधली ‘एटा’ ही बास्क फुटीरतावादी संघटना 1959 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या दडपशाहीत जन्मली. फ्रँको 1975 मध्ये गेला, लोकशाही आली, आणि एटानं सर्वाधिक माणसं मारली ती 1980 मध्ये. दडपशाहीचा सिद्धांत मांडणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे वर्ष समजावून सांगायला लावतो.