पोट आणि हृदय दोन्ही बिघडलेली कोंबडी: या चुका टाळा

आमची कोंबडी, नाव पिवळी, ब्रॉयलर. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरली की कापायची, या हिशेबानं तयार केलेली जात. अंग झपाट्यानं वाढतं, हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला पुरत नाहीत. अशी कोंबडी कोणी जीव लावून वाढवली, की कधीतरी पोटात पाणी होण्याची वेळ येते. त्यात अन्नही अडकायला लागलं, तर पोटावरचा प्रत्येक घरगुती उपाय हृदयावर येऊन आदळतो. बहुतेक चुका तिथेच होतात.

उलटं धरून पोट रिकामं करणं

ही चूक मी केली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, पिवळीची गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगली होती. पाय धरून उलटी कर, सगळं बाहेर पडेल, असं कोणी तरी सांगितलं. आंबूस वासाचं पाणी चोचीतून आलं खरं, पण बघता बघता तिचा तुरा जांभळा पडला. ती वाचली; तो रंग मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उलटं धरल्यावर पिशवीतलं पाणी श्वासनळीत उतरू शकतं. शिवाय कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड खाली-वर झालं तरच तिला श्वास घेता येतो. म्हणून छाती आवळून धरू नका. एक हात खालून आधाराला, दुसरा पंखांवर हलका, आणि कोंबडी सरळ. पिशवी रिकामी करायचीच असेल तर ते काम डॉक्टरांच्या हातचं.

संध्याकाळी पिशवी चाचपून घाबरणं

दिवसभर दाणे टिपलेल्या कोंबडीची पिशवी संध्याकाळी भरलेलीच असते. तपासायची पहाटे, दाणा टाकण्याआधी. छातीच्या वर, उजव्या बाजूला. रिकामी लागली तर ठीक. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबट वास आला तर आंबलंय. अडकलं किंवा आंबलं असेल तर दाणा थांबवा, पाणी चालू ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लांब गवत, सुतळी, पतंगाचा मांजा हे नेहमीचे गुन्हेगार. बुरशी धरलेली कणी किंवा शिळा भात तर मुळीच नको.

पोट मोठं दिसलं की चरबी किंवा अंडं समजणं

मागचं पोट लोंबतंय, चालताना पाय फाकतात, थोडं चाललं तरी चोच उघडी, तुऱ्याची टोकं निळसर, हे सगळं एकत्र दिसलं तर पोटात पाणी असू शकतं. ते दाबून पाहू नका. त्या पाण्याचा दाब आतून पडतो, म्हणून ती कमी खाते; आणि आपल्याला वाटतं, पोटच बिघडलंय. मग मीठ-साखरेचं पाणी पाजलं जातं. दुबळ्या हृदयाला मीठ वाईट, अंगातलं पाणी आणखी साठतं. घरातल्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नाही. डॉक्टरांनी लघवी सुटण्याचं औषध दिलं असेल, तर डोस स्वतःच्या मनानं वाढवू नका.

चोच उघडून ड्रॉपर आत घालणं

जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

खिडक्या बंद करून कूलर

नागपूरच्या उन्हाळ्यात ही चूक घरोघरी होते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते. बंद खोलीत कूलरनं दमट झालेल्या हवेत तिची धाप वाया जाते, हृदय मात्र दुप्पट राबतं. खिडकी उघडी ठेवा, झोत अंगावर नको, पायांखाली ओलं पोतं चालेल.

बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, पण जाळीतून एकमेकींना दिसू द्या. खुराड्यात एकापाठोपाठ एक कोंबड्या पटापट मरू लागल्या तर ते हृदयाचं दुखणं नाही, बर्ड फ्लूसारखी साथ असू शकते. हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात बर्ड फ्लूनं तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, हे विसरू नका.

रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. ती खात नसताना वजन वाढतंय, तर ते पाणी आहे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेताना ही वही, ताज्या शिटेचा फोटो आणि चालू औषधांची पाकिटं घ्या. सकाळी उन्हं चढायच्या आत निघा, भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाला जुनी चादर अंथरून.