बस कंपनी परदेशी हातात जातेय? आधी जमिनीचे कागद मागा

माझी सगळी नोकरी बस कंपनीच्या लेखा विभागात झाली. त्यामुळे विक्रीची बातमी आली की ओळखीचे चालक-वाहक, पासधारक माझ्याकडे येतात. 'परदेशी मालक येतोय, आता आमचं काय होणार?' मालक कुठला, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते आणि आधी विचारते, नक्की काय विकलं जातंय? कंपनीचे शेअर, गाड्या, डेपोच्या जमिनी, की ठरावीक वर्षं बस चालवायचं नुसतं कंत्राट? बातमीत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. ते वेगवेगळं केल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

नुसतं कंत्राट असेल, तर भीती बरीच कमी होते. लंडनमधली मेट्रोलाइन ही बस कंपनी सिंगापूरच्या कम्फर्टडेलग्रोच्या मालकीची आहे. पण कुठली बस कुठून जाणार, किती वेळाने येणार आणि भाडं किती, हे ठरवते 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही सार्वजनिक संस्था. म्हणून करारात शोधायचं ते हे: मार्ग आणि भाडं ठरवायचा अधिकार कोणाकडे राहतो? तो नव्या मालकाकडे जात असेल, तर तोट्यातल्या मार्गांची आणि शेवटच्या फेरीची काळजी आजपासूनच करा. सवलतीचे पासही त्याच कलमात तपासा.

आता जमीन. इथे घाई करू नका, कारण बस कंपनीतली सगळ्यात मोलाची वस्तू बहुतेकदा बस नसतेच. 2021 मध्ये अमेरिकेतली ग्रेहाउंड बससेवा जर्मनीच्या फ्लिक्समोबिलिटीने घेतली. विकणारी होती ब्रिटनची फर्स्टग्रुप. सगळ्यांचं लक्ष जर्मन खरेदीदाराकडे, आणि बसस्थानकांच्या बऱ्याच मालमत्ता मात्र व्यवहाराबाहेर, विकणाऱ्याकडेच राहिल्या. पुढच्याच वर्षी त्यातल्या बहुतेक सुमारे 14 कोटी डॉलरला एका गुंतवणूकदाराकडे गेल्या. त्यानंतर कितीतरी शहरांत जुनी स्थानकं बंद झाली आणि प्रवासी सामान घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले. म्हणून प्रत्येक डेपोचा आणि स्थानकाचा मालकी हक्काचा उतारा काढा. जमीन कोणाच्या नावावर आहे, लीज असेल तर मुदत कधी संपते, वापर बदलायला कोणाची परवानगी लागते, हे बघा. आणि व्यवहारात कुठल्या जमिनी नाहीत, त्यांची यादी आवर्जून मागा. हे एवढं जरी केलंत, तरी अर्धं काम झालं असं मी मानते.

मग ताळेबंद उघडा, मागच्या तीन वर्षांचे तरी. खरेदीसाठी काढलेलं कर्ज पुष्कळदा खरेदीदार स्वतःच्या अंगावर ठेवत नाही, ते विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी येतं आणि तिकिटाच्या पैशातून फिटतं. व्यवहारानंतर दर वर्षी 'संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार' ही टीप वाचायची सवय लावा. मूळ कंपनीला दिलेलं व्यवस्थापन शुल्क, नावाच्या वापराची रॉयल्टी, तिच्याकडून घेतलेल्या कर्जावरचं व्याज, सगळं तिथे सापडतं. वर तोटा दिसतो आणि या टिपेतून पैसा देशाबाहेर जात असतो. 'कंपनी तोट्यात आहे, पगारवाढ कशी देणार?' असं ज्यांना ऐकवलं जातं, त्यांच्या हातात हे पान असायलाच हवं.

मालक निघून गेला तर काय, हेही लिहून घ्या. मेलबर्नमध्ये ब्रिटनच्या नॅशनल एक्स्प्रेसने 2002 च्या डिसेंबरमध्ये ट्रेन आणि ट्रामची कंत्राटं अर्ध्यावर सोडली आणि सेवा चालू ठेवायची जबाबदारी सरकारवर आली. न्यूझीलंडने 1993 मध्ये आपली रेल्वे 32.8 कोटी न्यूझीलंड डॉलरला विकली. खरेदीदारांत एक अमेरिकी रेल्वे कंपनी होती. 2008 मध्ये सरकारने रेल्वे आणि फेरीबोट सेवा ऑस्ट्रेलियाच्या टोल कंपनीकडून 66.5 कोटी न्यूझीलंड डॉलरला परत घेतली. मालकाने हमी म्हणून ठेवायच्या ठेवीची रक्कम, सोडण्याआधीच्या नोटिशीची मुदत, गाड्या आणि डेपो परत मिळण्याची अट, ही तीन कलमं नसतील तर हरकत घ्या.

आज आलेला मालक उद्या तोच असेल, असंही धरू नका. जर्मन सरकारच्या मालकीच्या डॉइचे बान या रेल्वे कंपनीने 2010 मध्ये अराइव्हा ही ब्रिटनची बस आणि रेल्वे चालवणारी कंपनी घेतली आणि 2024 मध्ये आय स्क्वेअर्ड कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला दिली. पुढची विक्री सार्वजनिक संस्थेच्या संमतीशिवाय होणार नाही, ही अट पहिल्याच करारात हवी.

परदेशी असण्याने खरोखर वेगळी होणारी एक गोष्ट आहे. दोन देशांत गुंतवणूक संरक्षणाचा करार असेल, तर तंटा देशी न्यायालयाऐवजी आंतरराष्ट्रीय लवादापुढे जाऊ शकतो. उद्या सरकारने भाडं गोठवलं, तर भरपाईचा दावा तिथे उभा राहू शकतो. असा करार लागू आहे का, हे तुमच्या लोकप्रतिनिधीला लेखी विचारा.

कामगारांसाठी एवढंच: 'कोणाचीही नोकरी जाणार नाही' हे पत्रकार परिषदेतलं वाक्य धरून बसू नका. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सेवाज्येष्ठता आणि बदलीच्या अटी विक्री कराराच्या परिशिष्टात आल्या पाहिजेत, मुदतीसकट.

अशा व्यवहारांना बऱ्याच ठिकाणी स्पर्धा आयोगाची किंवा परिवहन नियामकाची मंजुरी लागते. हरकती मागवल्या असतील, तर मुदत थोडी असते. कर्मचारी संघटना आणि प्रवाशांनी मिळून एकच पत्र द्यावं, एका पानाचं, प्रश्नांना क्रमांक घातलेलं, पहिला प्रश्न जमिनींचा. पोच घ्या, शिक्क्याची प्रत जपून ठेवा आणि ज्या क्रमांकांना उत्तर आलं नाही, तेवढेच घेऊन दुसरं पत्र पाठवा.