ज्वालामुखीखालचा मॅग्मा भूकंपाच्या लाटांनी कसा शोधायचा: सेंट हेलेन्सचा डेटा घेऊन

ज्यांना थोडंफार पायथन येतं आणि ज्वालामुखीच्या पोटात काय आहे ते स्वतः बघायची खाज आहे त्यांच्यासाठी हे. उदाहरण घेतलंय अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्सचं, कारण १८ मे १९८० च्या स्फोटानंतर (५७ माणसं गेली त्यात) हा डोंगर लोकांनी यंत्रं लावून पार पिंजून काढलाय, आणि मुख्य म्हणजे डेटा फुकट मिळतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. खाली मॅग्माचं, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या रसाचं, लालभडक तळं वगैरे नसतं, बहुतेक भाग म्हणजे एकमेकाला चिकटलेले स्फटिक आणि त्यांच्या फटींत थोडासा वितळलेला रस, बर्फाच्या गोळ्यात सरबत मुरलेलं असतं ना तसं. लाटा त्यातून आरपार जातात, फक्त हळू जातात. पी लाट (खडक पुढेमागे दाबत जाणारी, पहिली पोचणारी) थोडी हळू होते, एस लाट (खडक आडवा हलवणारी, नंतर येणारी) जास्त, कारण द्रवातून ती जातच नाही, मग पी आणि एसच्या वेगांचं गुणोत्तर जे साध्या खडकात १.७३ च्या आसपास असतं ते वर चढतं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आता डेटा. ऑब्सपाय (भूकंपाच्या डेटासाठीची पायथन लायब्ररी) इन्स्टॉल करा, त्यातल्या एफडीएसएन क्लायंटने (डेटा डाउनलोड करायचा भाग) अर्थस्कोप या अमेरिकन भूकंप-डेटा संस्थेच्या (आधीचं आयरिस) सर्व्हरवरून रेकॉर्डिंग ओढा. नेटवर्क कोड यूडब्ल्यू आणि सीसी, पहिला पॅसिफिक नॉर्थवेस्ट सिस्मिक नेटवर्कचा आणि दुसरा यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण) कॅस्केड्स डोंगररांगेतल्या ज्वालामुखी वेधशाळेचा. सगळे भूकंप घेऊ नका. किमान ८ स्टेशनांवर नीट दिसलेले आणि ज्यांच्या भोवती १८० अंशांपेक्षा मोठी, एकही स्टेशन नसलेली मोकळी बाजू नाही एवढेच ठेवा, बाकीच्यांची जागाच धड माहीत नसते, ते घेऊन पुढे डोकेदुखीच.

मग पिकिंग, म्हणजे लाट नेमकी कधी पोचली ते ठरवणं, खरी मेहनत इथेच आहे. उभ्या घटकाचा ट्रेस (जमीन वरखाली हलल्याची नोंद) उघडा (चॅनेलच्या नावात शेवटी झेड असतो तो), १ ते १५ हर्ट्झचा फिल्टर लावा आणि झूम करत जा, शांत रेषेतून पहिला झटका जिथे उठतो तो पी. एससाठी आडवे दोन घटक बघायचे, आणि ज्वालामुखीवर एस कधीच स्वच्छ येत नाही, पीच्या शेपटातूनच हळूहळू फुगत वर येते, वर क्रेटरमध्ये दगड कोसळत असतात, वारा असतो, त्यामुळे शंका आली की तो पिक सरळ सोडून द्या. ०.१ सेकंदाची चूक म्हणजे ६ किमी/सेकंद वेगाने ६०० मीटर झाले. फेजनेटसारखं मशीन लर्निंगवालं टूल हजारो पिक झटक्यात काढून देतं, वापरा जरूर, पण शेदोनशे पिक स्वतःच्या डोळ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिक झाले की वाडाटी आलेख काढा: आडव्या अक्षावर पी पोचायची वेळ, उभ्यावर एस वजा पी. रेषेचा उतार अधिक १ म्हणजे तुमचं सरासरी गुणोत्तर. उतार ०.७३ च्या आसपास येऊन एखादं स्टेशन एकटंच लांब पडलं तर बहुतेक त्याचं घड्याळ नाहीतर तुमचा पिक चुकलाय. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढचे कित्येक तास वाचतात.

त्यानंतर आधी फक्त खोलीनुसार बदलणारं साधं मॉडेल बसवा, मग त्रिमितीय टोमोग्राफी, म्हणजे लाटांच्या वेळांवरून आतल्या वेगांचं चित्र काढणं (टोमोडीडीसारखे प्रोग्रॅम भूकंपाच्या जागा आणि वेग दोन्ही एकत्र सोडवतात). डॅम्पिंग (मॉडेलला उगाच उड्या मारू न देणारा लगाम) किती ठेवायचं ते अंदाजाने नको, वेगवेगळ्या किमती टाकून वेळांमधली चूक आणि मॉडेलचा खडबडीतपणा यांचा वक्र काढा आणि त्याच्या कोपऱ्यातली किंमत घ्या.

आता अडचण अशी की सेंट हेलेन्सचे बरेचसे भूकंप क्रेटरच्या बरोबर खाली उथळ होतात, आणि गरम मऊ खडकात तर भूकंप फारसे होत नाहीत, म्हणजे आपल्याला जिथे बघायचंय तिथून किरणच कमी जातात. म्हणून तर आयमश या प्रयोगात (सेंट हेलेन्सखालचा मॅग्मा शोधायचा मोठा संशोधन प्रकल्प) २०१४ च्या उन्हाळ्यात डोंगराभोवती भोकं पाडून २३ स्फोट केले आणि ७० ब्रॉडबँड स्टेशनं (हळू आणि जलद दोन्ही हालचाली टिपणारी) २०१६ पर्यंत ठेवली. त्याच उन्हाळ्यात आणखी एका गटाने रस्त्याकडेला आणि पायवाटांवर सुमारे ९०० छोटे नोड (बॅटरीवरचे सुटे भूकंपमापक) पेरले होते. दूरच्या भूकंपांच्या रिसीव्हर फंक्शनने (स्टेशनखालच्या थरांच्या सीमेवर पीची एस झालेली लाट वेगळी काढायची पद्धत) पृथ्वीच्या कवचाचा तळ दिसतो, आणि समुद्राच्या लाटांनी जमीन सतत थरथरत असते त्या गोंगाटाचं दोन स्टेशनांमध्ये क्रॉस-कोरिलेशन (दोन रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवून जुळवणं) केलं की भूकंप नसतानाही पृष्ठीय लाटा (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या) मिळतात. मला विचाराल तर नवशिक्याने गोंगाटापासूनच सुरुवात करावी, पिकिंगची कटकटच नाही.

चित्र आलं, लाल डाग (म्हणजे हळू वेगाचा भाग) दिसला, लगेच मॅग्मा म्हणून नाचू नका. चेकरबोर्ड टेस्ट (मॉडेलमध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे जलद-हळू चौकोन घालून ते परत दिसतात का बघणं) करा, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका कारण ती कधीकधी फसवी छान दिसते. स्वतः ८ किमी खोलीवर ३ किमीचा हळू वेगाचा गोळा मॉडेलमध्ये घाला, कृत्रिम वेळा काढा, त्यात गोंगाट मिसळा आणि तोच प्रोग्रॅम चालवा. बहुतेक वेळा तो गोळा फिका आणि पसरट होऊन परत येईल, कारण पहिली पोचणारी लाट हळू भागाला वळसा घालून पुढे निघून जाते. म्हणजे खरा मॅग्मा चित्रापेक्षा लहान पण जास्त रसाळ असू शकतो, आणि वेगावरून थेट 'इतके टक्के वितळलेलं' असा आकडा ठोकून देणं धोक्याचं. शिवाय नुसत्या तापमानानेही वेग कमी होतो, पाण्याने गुणोत्तर वाढतं, वायूने ते उलट खाली येतं. म्हणून शेजारी विद्युतवाहकतेचा डेटा ठेवा, आयमशमध्ये तोही गोळा केलाय.

आयमशच्या निकालाशी ताडून बघायचं तर डोंगराखाली साधारण ४ ते १३ किमीवर जास्त गुणोत्तराचा भाग दिसला, आणि त्याहून खोलचा हळू वेगाचा भाग मात्र थेट खाली नाही, आग्नेयेला सरकलेला. नोडवाल्यांना तर सेंट हेलेन्सच्या खालचं प्रावरण (कवचाखालचा थर) थंड वाटलं, म्हणजे मूळ वितळणं बहुतेक पूर्वेकडे होतंय आणि तिथून रस तिरका येतोय. त्यामुळे मॉडेलची चौकट क्रेटरभोवती घट्ट आखू नका, पूर्वेला ५० किमीवरच्या माउंट अ‍ॅडम्सपर्यंत तरी न्या, आणि स्टेशनंही त्या बाजूची जास्त घ्या.