वयस्क स्त्रियांच्या रक्तनमुन्यांवर संशोधन: नव्याने येणाऱ्यांसाठी

बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर मी एका दीर्घकालीन अभ्यासाच्या टीममध्ये रुजू झाले. साठी ओलांडलेल्या स्त्रियांचं रक्त घ्यायचं, त्याचे छोटे भाग करून उणे 80 अंशांवर गोठवायचे आणि पुढे वर्षानुवर्षं कोणाला हृदयविकार झाला, कोणाला मधुमेह, कोणाचं मूत्रपिंड मंदावलं, कोणाचं खुब्याचं हाड मोडलं याची नोंद ठेवायची, असं ते काम. आजार होण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात काही खूण दिसत होती का, हा त्यामागचा प्रश्न. या कामात यावंसं वाटणारे बरेच विद्यार्थी मला विचारतात, सुरुवात कुठून करू? स्टॅटिस्टिक्स शिकू का? मी म्हणते, शिकाच, पण त्याआधी आठवडाभर रक्त घेतात तिथे जाऊन बसा.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. माझं पहिलं काम सीटीएक्स या निर्देशकाचं होतं. हाडांची झीज होताना कोलॅजेनचे तुकडे रक्तात उतरतात, ते यात मोजतात. चार केंद्रांमधून आलेला डेटा होता आणि त्यातल्या एका केंद्रातल्या स्त्रियांचं सीटीएक्स बाकीच्यांपेक्षा ठळकपणे कमी येत होतं. मी हरखून गेले. ड जीवनसत्त्व, वजन, चालण्याची सवय, सगळं मॉडेलमध्ये घालून पाहिलं, तरी फरक जाईना. काहीतरी मोठं सापडलंय असं वाटून तीन आठवडे खपून मी सादरीकरण तयार केलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिली स्लाइड पाहून एवढंच विचारलं, "तिथे रक्त किती वाजता घेतात?"

मी फोन केला. बाकी केंद्रं सकाळी उपाशीपोटी रक्त घेत होती, हे केंद्र दुपारी, नाश्ता झाल्यावर. सीटीएक्स पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, दुपारी उतरतं आणि खाल्ल्यावर आणखी खाली येतं. माझा शोध म्हणजे घड्याळ आणि नाश्ता होता.

त्यानंतर मी रक्तसंकलनाच्या टेबलाशी जाऊन बसायला लागले आणि जे पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं ते डोळ्यांनी पाहिलं. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. ग्लुकोज तासाला सुमारे 5 ते 7 टक्के उतरतं. म्हणून राखाडी टोपणाची, पेशींचं हे साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची नळी. पण फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला तासदोन तास लागतात, म्हणून बर्फ आणि लवकर सेंट्रिफ्यूज (नळी वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणं). जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्यातलं थोडं जरी दुसऱ्या नळीत गेलं तरी पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. म्हणून नळ्यांचा क्रम ठरलेला असतो. वयस्क बायकांच्या शिरा नाजूक असतात, पटकन सापडत नाहीत. पट्टा जास्त वेळ आवळून राहतो, सुई दोनदा टोचली जाते, तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम आणि एलडीएच हे एन्झाइम रक्ताच्या द्रवभागात, म्हणजे सिरममध्ये, उतरतं. रक्त घेणारी अनुभवी फ्लेबोटॉमिस्ट नळीकडे बघून सांगते, "हे गुलाबी झालंय, चालणार नाही." तिचा तो एक शेरा डेटात नोंदवलेला असेल तर पुढे महिनाभराचं काम वाचतं. आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. तुम्ही जिथे जाल तिथे आधी तो रकाना आहे का बघा.

त्याच टेबलाशी एक आजी भेटल्या. आदल्या वेळी त्यांचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खूप कमी आणि फ्री टी फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) जास्त आलं होतं, म्हणजे कागदावर थायरॉइड अतिकार्यक्षम. प्रत्यक्षात ना वजन घटलेलं, ना धडधड, ना हाताला कंप. औषधांच्या यादीत काही नव्हतं. मी सहज विचारलं, "आजी, या यादीखेरीज काही घेता का?" त्या म्हणाल्या, "औषध नाही गं, केसांसाठी गोळी घेते." ते बायोटिन होतं. शरीराची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास. केसांच्या गोळ्यांत 5000 ते 10000 मायक्रोग्रॅम असू शकतं. प्रतिपिंडांच्या मदतीने मोजमाप करणारे अनेक इम्युनोअ‍ॅसे बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या बंधावर चालतात. रक्तात बायोटिन उतू जात असेल तर काही चाचण्या खोट्या कमी आणि काही खोट्या जास्त येतात. गोळी थांबवून काही दिवसांनी पुन्हा तपासलं, दोन्ही आकडे जागेवर. त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. "औषधं कोणती?" याबरोबर "केस, नखं, त्वचा, हाडं, ताकद यांसाठी काही घेता का?" असं विचारतो. खूप बायकांच्या लेखी ही औषधं नसतातच.

दुसरी गोष्ट, "वयस्क व्यक्ती" असा एकच गट करून मोकळं होऊ नका. मूत्रपिंडाच्या चाचणीतलं क्रिएटिनिन 1.0 आलं असं धरा. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, सुमारे 104 येतो. ऐंशी वर्षांच्या बाईचा सुमारे 57. रिपोर्टवर आकडा तोच आणि बहुतेक वेळा "नॉर्मल" म्हणून छापलेला. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, म्हणून स्नायू झिजलेल्या कृश आजींमध्ये तेही फसवं ठरतं. तिथे स्नायूंवर तितकं अवलंबून नसलेलं सिस्टॅटिन सी जास्त उपयोगी. शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचंही तसंच. पाळी थांबली की लोहाची मासिक गळती थांबते आणि फेरिटिन वर सरकतं. शिवाय शरीरात दाह असला तरी ते वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही आकडा बरा दिसू शकतो. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, रजोनिवृत्तीच्या सुमारास चढतं. दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने वाढतं, कारण गोळी आधी यकृतातून जाते. त्वचेवरच्या पट्टीने तसं होत नाही. म्हणजे हार्मोनची नोंद "घेते" किंवा "घेत नाही" इतकी पुरत नाही, कोणत्या मार्गाने हेही हवं. मला विचाराल तर रजोनिवृत्तीचं वय, ती नैसर्गिक की शस्त्रक्रियेने आणि हार्मोनचा प्रकार, या तीन नोंदी नसतील तर त्या डेटावर प्रबंध लिहायला घेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. निर्देशक सुधारला म्हणजे आजार टळला, असं धरून चालू नका. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये 50 ते 79 वयाच्या 16,608 स्त्रियांवर इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिनची चाचणी झाली. रक्तात एलडीएल उतरलं, चांगलं समजलं जाणारं एचडीएल वाढलं. तरीही हृदयाला संरक्षण मिळालं नाही. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या आणि 2002 मध्ये हा भाग वेळेआधी थांबवावा लागला. पुढे वयानुसार आणि रजोनिवृत्तीला किती वर्षं झाली त्यानुसार बारकावे पुढे आले, ते जरूर वाचा. पण रक्तातल्या त्या छान आकड्यांवर विसंबून आधी किती बायकांना ही औषधं हृदयासाठी म्हणून दिली गेली, हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधलं. रजोनिवृत्ती झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांमध्ये सीए-125 या रक्तचाचणीने बीजाशयाचा कर्करोग लवकर शोधता येईल का, हे यूकेसीटीओसीएस चाचणीत पाहिलं गेलं. दरवर्षी रक्त घेऊन आकड्याचा चढ पाहणाऱ्या गटात सुरुवातीच्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले. पण 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

याने नाउमेद होऊ नका. विमेन्स हेल्थ स्टडी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात सुरुवातीला निरोगी असलेल्या 27,939 स्त्रियांचं रक्त घेतलं होतं. 2002 मध्ये त्यातून दिसलं की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या पहिल्या घटनांपैकी 77 टक्के घटना एलडीएल 160 पेक्षा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये घडल्या, आणि सीआरपीने एलडीएलपेक्षा वेगळी माहिती दिली. याच स्त्रियांचा 30 वर्षांचा पाठपुरावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, एकदाच घेतलेल्या त्या रक्ताच्या जोरावर. एवढा काळ नमुने जपणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

स्टॅटिस्टिक्सबद्दल थोडक्यात. घटना घडायला किती काळ लागला हे मोजणारं सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस नीट शिका, आर किंवा तत्सम भाषा हाताशी ठेवा. या वयोगटात दोन सापळे वारंवार येतात. एक, उलटा कार्यकारणभाव: सुप्त आजाराने वजन आणि कोलेस्टेरॉल आधीच घटलेलं असतं आणि मग कमी कोलेस्टेरॉलच दोषी दिसतं. पाठपुराव्याची पहिली दोन वर्षं वगळून विश्लेषण पुन्हा करून बघा. दुसरा, ऐंशीतल्या बाईचं फ्रॅक्चर होण्याआधी दुसऱ्या कारणाने निधन होऊ शकतं. ते हिशेबात धरलं नाही तर धोका फुगलेला दिसतो. आणि प्रयोगशाळेत आजारी स्त्रीचा व तिच्या जोडीच्या निरोगी स्त्रीचा नमुना एकाच बॅचमध्ये, तपासणाऱ्याला ओळख न कळू देता लावा. किटचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की आकडे सरकतात, म्हणून प्रत्येक निकालाशेजारी लॉट नंबर असू द्या.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: नमुने कितीदा वितळवले गेलेत, चाचणीचा सीव्ही (तोच नमुना पुन्हा तपासल्यावर आकडा किती हलतो) किती, सीआरपी 10 च्या वर (म्हणजे बहुधा ताजा संसर्ग) आलं तर पुन्हा रक्त घेता का? उत्तरं लगेच मिळाली तर ती टीम चांगली समजा.

शेवटी, बायका विचारतातच, "माझ्या रक्तात काय निघालं?" पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी गप्प राहिले. वर्षभर आधी हातावर सुई टोचून घेतलेली ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि आमच्याकडे काही ठरलेलंच नव्हतं. आता आमच्या संमतिपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर त्याच आठवड्यात फोन येईल, सीटीएक्ससारख्या केवळ संशोधनासाठी केलेल्या चाचण्यांचा निकाल मिळणार नाही, आणि का, तेही दोन ओळींत. सही करण्याआधी ते पान आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो, कारण बऱ्याच जणी चष्मा घरी विसरून आलेल्या असतात.