फाळक्यांसारखा देव प्रकट करायचा तर

चतुर्थीला आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरी भाचरं जमतात. दुपारी पाऊस लागला की सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, नुसता धुडगूस. म्हणून मी त्यांना दादासाहेब फाळक्यांसारखा सिनेमा काढायच्या नादाला लावलं. आमचा मोबाईल खुर्चीवर, तेलाच्या डब्याला रबराने बांधलेला. खुर्चीच्या पायांभोवती खडूची खूण करा. एकदा ठेवली की हलवायची नाही.

पात्रं डोक्यापासून पावलांपर्यंत दिसू देत. फाळके बहुतेक असंच समोरून दाखवत; जत्रेत पहिल्या रांगेत बसून दशावतार बघतो तसं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, पुढे रविवर्मांचा छापखाना, तेव्हा देवाची तसबीर कशी मांडायची हे हाताला ठाऊक. जवळून चेहरा दाखवला नाही असं नाही हं: 1919च्या 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी कसे हावभाव करते ते बघाच.

आता 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'सारखा शंकर आणू. राजा तलवार उगारतो. "थांब!" म्हटलं की सगळे दगड. रेकॉर्डिंग बंद. शंकर खडूच्या वर्तुळात येऊन उभा राहतो, मग पुन्हा सुरू. दोन्ही तुकडे जोडले की झाला प्रकट. तलवार बोटभर जरी खाली आली तरी चोरी पकडली जाते. मागे माडाची झावळ नको, वाऱ्याने हलते; चिऱ्याची भिंत बरी. ढग आले की उजेड बदलतो, म्हणून मोबाईलच्या पडद्यावर बोट दाबून धरून प्रकाश पक्का करून घ्या.

हरिश्चंद्राची राणी तारामती व्हायला कुणी तयार होत नाही. फाळक्यांनाही बाई मिळाली नव्हती. उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले, आणि 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर तेच राम नि तेच सीता. हे सांगितल्यावर आमच्याकडे लुगड्यासाठी भांडण लागलं!

लहानग्यांसाठी करटीत (नारळाच्या कवटीत) अळसांदे, म्हणजे चवळी, पेरा. 'हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप असंच वाढताना टिपलं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. दिवसाला आठ फोटो, नऊ दिवस, म्हणजे बहात्तर. सेकंदाला बारा धरले तर सहा सेकंदांचा सिनेमा. पाणी जागेवरच, चमच्याने घाला. आमच्या आईने पाचव्या दिवशी करटी उचलून पागोळीखाली धरली, तेव्हापासून आमचा कोंब मध्येच गर्रकन पाठ फिरवतो.