उंदराच्या यकृतातील फायब्रोसिस कसा मोजावा

चयापचयाच्या बिघाडातून होणाऱ्या यकृतविकारांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या संशोधकाकडे बहुधा पहिले काम हेच येते: उंदरांच्या दोन गटांपैकी कोणत्या गटाच्या यकृतात फायब्रोसिस, म्हणजे इजेमुळे साचलेले तंतू, अधिक आहे, हे आकड्यांत सांगणे. रंगवण्याची कृती एका पानात मावते, म्हणून काम सोपे वाटते. प्रत्यक्षात रंगाच्या बाटलीला हात लागण्यापूर्वीच त्या आकड्याचे भवितव्य बरेचसे ठरून गेलेले असते. त्यामुळे इथे सुरुवात प्रारूपाच्या, म्हणजे उंदरात आजार घडवून आणण्याच्या पद्धतीच्या, निवडीपासून केली आहे, आणि ज्या पायऱ्या कोणत्याही प्रमाणित कृतिपत्रिकेत सहज सापडतात त्यांवर फार वेळ घालवलेला नाही.

मोजायचे असते ते कोलॅजन हे तंतुमय प्रथिन, मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे. यकृताला वारंवार इजा झाली की एरवी जीवनसत्त्व ‘अ’ साठवून शांत बसलेल्या स्टेलेट पेशी सक्रिय होतात, मायोफायब्रोब्लास्टचे रूप घेतात आणि हे तंतू स्रवू लागतात. रक्तातील एएलटी हे यकृतपेशींतले विकर वाढलेले दिसले म्हणजे पेशींना इजा झाली एवढेच कळते. ‘कोल१ए१’ किंवा ‘अ‍ॅक्टा२’ या जनुकांचे आरएनए वाढले म्हणजे तंतुनिर्मितीची यंत्रणा त्या घटकेला चालू आहे, एवढेच. आजवर साचलेले कोलॅजन किती, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कशातूनच मिळत नाही, त्यासाठी उतीच तपासावी लागते.

प्रारूप निवडताना

भारतात संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता मिळाल्याखेरीज एकही उंदीर प्रयोगात घेता येत नाही. अर्जात प्राण्यांची संख्या समर्थनासह द्यावी लागते, म्हणून कोणता फरक शोधायचा आहे आणि त्यासाठी प्रत्येक गटात किती उंदीर लागतील, याचे गणित त्याआधीच मांडून ठेवावे.

झटपट फायब्रोसिस हवा असेल तर कार्बन टेट्राक्लोराइडचे प्रारूप वापरतात. ऑलिव्ह तेलात मिसळून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून दोनदा पोटात दिले की चार ते आठ आठवड्यांत मध्यशिरांभोवती तंतूंचे पट्टे दिसू लागतात. द्रव विषारी आणि बाष्पनशील असल्यामुळे सर्व काम धूरकपाटात करावे आणि मिश्रण काचेच्या कुपीतच करावे, कारण पॉलिस्टायरीनची नळी त्यात विरघळते. नियंत्रण गटाला केवळ तेलाचे इंजेक्शन त्याच वेळापत्रकाने द्यावे. शेवटच्या मात्रेनंतर उती किती तासांनी काढायची, हे आधी ठरवून सर्व गटांत काटेकोरपणे पाळावे. साधारणपणे ४८ ते ७२ तासांचे अंतर ठेवतात. अंतर फार कमी ठेवल्यास ताज्या इजेचा गोंधळ निकालात मिसळतो, आणि फार लांबवल्यास तंतू विरघळायला सुरुवात होते, कारण या प्रारूपातील फायब्रोसिस मात्रा थांबवल्यावर उलटू लागतो.

या प्रारूपात औषधाची चाचणी घेणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः नव्हे, तर यकृतातील सीवायपी२ई१ या विकराने त्याचे केलेले मुक्त मूलक इजा घडवते. परीक्षणाखालील औषधाने हा विकरच दाबला, तर इजा कमी होते, फायब्रोसिसही कमी दिसतो, आणि स्टेलेट पेशींशी काडीचाही संबंध नसलेले औषध फायब्रोसिसविरोधी ठरते. त्यामुळे औषध पहिल्या मात्रेपासून न देता फायब्रोसिस प्रस्थापित झाल्यावर सुरू करावे, आणि त्या विकराची पातळी स्वतंत्रपणे तपासावी.

मात्र या रसायनाने चयापचयाचा आजार होत नाही. त्यासाठी आहाराची प्रारूपे आहेत, आणि प्रत्येकात काहीतरी सोडून द्यावे लागते. मेथिओनिन आणि कोलिन वगळलेल्या आहाराने यकृतात चरबी व दाह लवकर येतो, पण उंदीर वजन वाढवण्याऐवजी घटवतो आणि इन्शुलिन-रोधही नीट निर्माण होत नाही. मधुमेहाशी निगडित यकृतविकाराचे प्रारूप म्हणून तो आहार वापरणे मला तरी पटत नाही. पाम तेल, फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉल असलेला, ४० टक्के ऊर्जा चरबीतून देणारा आहार माणसातील आजाराच्या बराच जवळ जातो, पण स्पष्ट फायब्रोसिससाठी २४ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ थांबावे लागते. शोधनिबंधातील ‘उच्च-चरबी आहार’ एवढ्या उल्लेखावर विसंबून कोणताही आहार मागवू नये, कारण ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणाऱ्या साध्या आहाराने उंदीर लठ्ठ होतो, यकृतात चरबी साचते, पण तंतू फारसे दिसत नाहीत.

भारतीय संशोधकाला इथे आणखी एका प्रश्नाचा विचार करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या माणसाचा चयापचय बिघडलेला असू शकतो, आणि अत्यंत लठ्ठ उंदराचे प्रारूप अशा रुग्णाचे प्रतिनिधित्व कितपत करते, हे प्रस्तावातच लिहून स्पष्ट करावे.

उंदरांचा उपवंशही नोंदवावा. ‘सी५७ ब्लॅक ६’ या प्रचलित वंशाच्या ‘जे’ उपवंशात ‘एनएनटी’ जनुकात बिघाड आहे आणि ‘एन’मध्ये तो नाही, नियंत्रण गट एका उपवंशाचा आणि जनुक-बदल केलेला गट दुसऱ्या उपवंशाचा असेल, तर चयापचयाच्या प्रयोगाचा पायाच डळमळतो. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात व त्यांचे आतड्यांतील जिवाणू सारखे होत जातात, म्हणून एक गट एकाच पिंजऱ्यात कोंबू नये. औषधाने भूक कमी होत असेल तर तेवढेच अन्न मोजून दिलेला तिसरा गट हवाच.

उती काढताना

यकृत बाहेर काढल्यावर पित्ताशय न फोडता अलग करावे, यकृत टिपून घ्यावे आणि संपूर्ण यकृताचे वजन लगेच लिहावे. घाईत हीच नोंद राहून जाते आणि पुढे तिच्यावाचून सगळे अडते. प्रत्येक उंदराच्या त्याच खंडाचा तोच भाग ऊतिपरीक्षणासाठी घ्यावा. डावा पार्श्वखंड सर्वांत मोठा असल्याने सोयीचा पडतो. तीन-चार मिलिमीटर जाडीचा काप उतीच्या किमान दहापट आकारमानाच्या १० टक्के तटस्थ बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये सुमारे २४ तास ठेवावा. हायड्रॉक्सिप्रोलिन या कोलॅजनमधील अमिनो आम्लाच्या मोजणीसाठी दोन वेगवेगळ्या खंडांचे तुकडे वजन करून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवावेत. सर्व नमुन्यांना याच टप्प्यावर सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि त्यांची किल्ली मोजणी न करणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावी.

पिक्रोसिरिअस रेड

संतृप्त पिक्रिक आम्लात कोलॅजन लाल रंगवणारा ०.१ टक्का सिरिअस रेड मिसळलेल्या द्रावणात, मेण काढून पाण्यावर आणलेले चार-पाच मायक्रॉनचे छेद एक तास ठेवतात. मग ०.५ टक्का अ‍ॅसेटिक आम्लाच्या पाण्यात दोनदा धुतात. पुढची दोन मिनिटे महत्त्वाची असतात. साध्या पाण्यात धुतल्यास पिवळा रंग निघून जातो. म्हणून स्लाइड जोराने झटकून पाणी उडवावे, काठ टिपून घ्यावेत आणि थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये भराभर फिरवून झायलीनमध्ये न्यावे. चांगल्या स्लाइडवर पेशींची पार्श्वभूमी फिकट पिवळी आणि तंतू गडद लाल दिसतात. पार्श्वभूमीच गुलाबी झाली असेल तर ती स्लाइड मोजणीस घेऊ नये. कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते. बाटलीत पाणी नेहमी असावे, झाकण धातूचे नसावे, आणि जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसल्यास ते स्वतः उघडण्याच्या भानगडीत न पडता सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे.

सर्व गटांचे छेद एकाच दिवशी, एकाच द्रावणात रंगवावेत आणि एकाच प्रकाशमानावर त्यांच्या प्रतिमा घ्याव्यात. हाताने निवडलेल्या पाच-दहा क्षेत्रांऐवजी संपूर्ण छेद स्कॅन करता आला तर उत्तम, कारण नजर नकळत लाल भागाकडेच वळते. इमेजजे किंवा क्यूपाथ या प्रतिमा-विश्लेषणाच्या संगणक प्रणालींमध्ये लाल रंगाची उंबरठा-मर्यादा काही निरोगी आणि काही तीव्र नमुन्यांवर ठरवावी व नंतर ती कोणत्याही स्लाइडसाठी हलवू नये. आहाराच्या प्रारूपांत लाल क्षेत्र अनेकदा अवघे काही टक्के असते, त्यामुळे मर्यादा जराशी सरकली तरी गटांमधील फरक उगवतो किंवा मावळतो. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि यकृताचे आवरण निरोगी उंदरातही लालच असतात, ते वगळावेत. चरबीच्या पोकळ्यांचे क्षेत्रफळही एकूण क्षेत्रफळातून वजा करावे. ध्रुवित प्रकाशात लाल तंतू पहिल्या प्रकारचे आणि हिरवे तिसऱ्या प्रकारचे, असे अनेक निबंधांत छापलेले असते. हा रंग तंतूच्या जाडीवर आणि दिशेवरही अवलंबून असल्याने त्यावरून प्रकार ठरवू नये.

हायड्रॉक्सिप्रोलिन

हे अमिनो आम्ल प्रामुख्याने कोलॅजनमध्येच असते, म्हणून ते मोजले की एकूण कोलॅजनचा अंदाज येतो. वजन केलेली उती ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घट्ट झाकणाच्या नळीत ११० अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेवावी; मग क्लोरॅमाइन-टी आणि एहरलिखचे अभिकर्मक वापरून सुमारे ५६० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. झाकण सैल राहून आम्ल उडाले तर तो नमुना बाद धरावा.

खरा घोळ भागाकारात होतो. समजा, नियंत्रण गटातील उंदराचे यकृत १.२ ग्रॅमचे आहे आणि त्यात दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅम हायड्रॉक्सिप्रोलिन आहे. आहार-गटातील यकृत चरबीने फुगून २.४ ग्रॅमचे झाले आहे आणि त्यात दर ग्रॅमला २५० मायक्रोग्रॅम आहे. दर ग्रॅममागे वाढ फक्त २५ टक्के दिसते. पण संपूर्ण यकृतात पूर्वी २४० मायक्रोग्रॅम होते तिथे आता ६०० आहेत, म्हणजे अडीचपट. चरबीने कोलॅजन नुसते विरळ केले आहे. याची उलट बाजू अधिक फसवी आहे: एखाद्या औषधाने केवळ चरबी उतरवली आणि कोलॅजनला स्पर्शही केला नाही, तर दर ग्रॅमचा आकडा वाढतो आणि औषधाने फायब्रोसिस बळावल्याचा भास होतो. म्हणून दर ग्रॅम आणि दर यकृत असे दोन्ही आकडे द्यावेत.

आकडेवारीत प्रत्येक उंदीर हे एक मोजमाप असते. आठ उंदरांच्या प्रत्येकी दहा प्रतिमा घेतल्या म्हणून नमुन्यांची संख्या ऐंशी होत नाही. प्रत्येक उंदराची सरासरी काढून आठच आकडे तुलनेत घ्यावेत.

दोन्ही पद्धतींचे निकाल जुळले नाहीत तर आधी यकृताचे वजन आणि चरबीचे प्रमाण पाहावे, कारण बहुतेक वेळा विसंगतीचे मूळ तिथेच सापडते. तेथे काही आढळले नाही तर हायड्रॉक्सिप्रोलिनसाठी घेतलेल्या तुकड्यात यकृताच्या मुखाशी असलेल्या मोठ्या वाहिन्या आल्या होत्या का, हे गोठवलेल्या उरलेल्या भागावरून तपासावे आणि दुसऱ्या खंडातील तुकड्यावर मोजणी पुन्हा करावी. त्यानंतरही फरक टिकला, तर सोयीचा आकडा निवडून दुसरा पूरक माहितीत ढकलू नये. दोन्ही एकाच आलेखात शेजारी द्यावेत आणि सांकेतिक क्रमांकांसह यकृताच्या वैद्यकीय ऊतितज्ज्ञाला स्लाइड दाखवून त्याची श्रेणी तिसरा पुरावा म्हणून जोडावी.