वाचलेले ‘संशोधन’ कितपत भरवशाचे, हे कसे तपासावे

१६६५ साली पॅरिस आणि लंडनमध्ये पहिली विज्ञान नियतकालिके निघाली. तेव्हापासून तीनशेहून अधिक वर्षे, एकदा छापलेला शोधनिबंध छापला तसाच राहत असे. चूक निघालीच तर पुढच्या एखाद्या अंकात चार ओळींची दुरुस्ती येई, आणि ती फार थोड्यांच्या नजरेस पडे. आता निबंध स्क्रीनवर असतो. त्याच्या आवृत्त्या निघतात, आकडे बदलतात, त्यावर जाहीर आक्षेप येतात, कधी अख्खा निबंधच मागे घेतला जातो. या बहुतेक हालचालींची नोंद सगळ्यांना खुली असते. म्हणून ‘कुठे छापून आले?’ एवढे विचारून थांबू नये. ‘छापल्यावर त्याचे पुढे काय झाले?’ हे विचारावे, आणि त्याचे उत्तर शोधायला प्रयोगशाळेतले शिक्षण लागत नाही.

खालची तपासणी मोबाइलवरही होते, पण दोन खिडक्या शेजारी उघडता आल्या तर बरे. सगळे मिळून अर्धा ते पाऊण तास लागतो. वेळ कमी असेल तर पहिल्या तीन पायऱ्या तरी कराच. बहुतेक फसवे दावे तिथेच गळतात.

१. मूळ निबंध गाठा

बातमीत किंवा फॉरवर्डमध्ये ‘डीओआय’ दिला आहे का पाहा. निबंधाचा हा कायमचा क्रमांक १० या आकड्याने सुरू होतो. मग टिंब, चार किंवा अधिक आकडे, तिरकी रेघ आणि पुढे अक्षर-आकड्यांची जोडणी. डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन तो चिकटवला की मूळ पान उघडते. उघडले नाही तर आधी शेवटचे चिन्ह बघा. कॉपी करताना वाक्याचा पूर्णविराम किंवा कंस सोबत येतो आणि दुवा तुटतो, हे वरचेवर होते. ते काढूनही पान उघडत नसेल, किंवा भलत्याच विषयाचा निबंध समोर येत असेल, तर सावध व्हा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेले संदर्भ हुबेहूब खऱ्यासारखे दिसतात. लेखकांची नावे खरी, जर्नल खरे आणि निबंध मात्र कुठेच नाही.

डीओआय नसेल तर निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा. पान पैसे मागत असेल तर ‘अनपेवॉल’ हे मोफत एक्स्टेन्शन कायदेशीररीत्या खुली असलेली प्रत शोधून देते. तीही नसेल तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला दोन ओळींची ईमेल करा; आपला निबंध कुणी मागितला तर बरेच संशोधक आनंदाने पाठवतात. नुसत्या सारांशावर मात्र विसंबू नका. किती जण प्रयोग अर्धवट सोडून गेले, दुष्परिणाम कोणते झाले, मर्यादा काय, हे बहुतेक वेळा आतच असते.

२. प्रीप्रिंट आहे की परीक्षण झालेला निबंध?

१९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ हा खुला साठा सुरू केला आणि भौतिकशास्त्रज्ञ आपले निबंध जर्नलची वाट न पाहता तिथे टाकू लागले. अशा निबंधाला प्रीप्रिंट म्हणतात. जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये ‘बायोअर्काइव्ह’ आणि वैद्यकासाठी २०१९ मध्ये ‘मेडअर्काइव्ह’ आले. इथे निबंधाची जुजबी चाळणी होते. इतर तज्ज्ञांनी बारकाईने वाचून शंका काढणे, म्हणजे पीअर रिव्ह्यू, झालेला नसतो. मेडअर्काइव्ह तशी सूचना देतेच, पण बातमी होताना ती सूचना गळून पडते.

प्रीप्रिंट म्हणजे खोटे असे समजू नका. कोविडच्या काळात कित्येक उपयोगी गोष्टी आधी तिथेच कळल्या. मात्र दोन गोष्टी बघा. पहिली, आवृत्ती कोणती. पहिली आणि तिसरी यांत निष्कर्षच बदललेला असू शकतो. दुसरी, नंतर तो जर्नलमध्ये आला का. आला असेल तर तसा दुवा सहसा प्रीप्रिंटच्या पानावरच असतो. जुलै २०२३ मध्ये ‘एलके-९९’ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा, असल्याचा दावा अर्काइव्हवर आला आणि जगभर गाजला. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांनी दाखवले की विरोध एकदम घटलेला दिसतो तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. दावा जितक्या वेगाने पसरला तितक्याच उघडपणे तो तपासला गेला, आणि दोन्ही नोंदी एकाच ठिकाणी वाचता येतात.

३. निबंध मागे घेतला आहे का?

सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि तीच सगळ्यात जास्त वगळली जाते. तुमच्याकडे आलेल्या पीडीएफला नंतर काय घडले ते माहीत नसते. निबंध मागे घेतला गेला तरी जुनी प्रत ग्रुपमध्ये फिरतच राहते, तिच्यावर कुठलाही शिक्का उमटत नाही. म्हणून कायम डीओआयने प्रकाशकाच्या पानावर जाऊन बघा. तिथे ‘क्रॉसमार्क’चे बटण असेल तर ते दाबल्यावर दुरुस्तीचा इतिहास दिसतो. वैद्यकीय निबंधांची सूची असलेल्या पबमेडवर मागे घेतलेल्या निबंधाच्या वर ठळक पट्टी असते. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’चा माहितीसाठा २०२३ मध्ये डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेऊन सर्वांना मोफत खुला केला; त्यात शीर्षक, लेखक किंवा डीओआय टाकून शोधता येते. संदर्भ साठवण्याचे झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुमच्या संग्रहातला निबंध मागे घेतला गेल्यावर ते स्वतःहून इशारा देते.

सूचना सापडली तर ती पूर्ण वाचा. ‘दुरुस्ती’ म्हणजे चूक आहे पण निष्कर्ष बहुधा टिकून आहे. ‘चिंता व्यक्त करणारी सूचना’ म्हणजे चौकशी चालू आहे. ‘मागे घेतला’ म्हणजे त्यावर विसंबू नये, असे. कारणही बघा. स्वतःला चूक सापडल्यावर प्रामाणिकपणे निबंध मागे घेणारे संशोधक असतात, त्यांना आकडे रचणाऱ्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यातले बहुसंख्य एकाच प्रकाशनसंस्थेचे होते, त्यामुळे या आकड्यावरून ‘सगळे विज्ञान सडले’ असा अर्थ काढू नये.

ही पकड कशी बसते, त्याचे एक उदाहरण. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला, की मलेरियावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध दिलेल्या कोविड रुग्णांमध्ये मृत्यू जास्त होतात. ६७१ रुग्णालये, सुमारे ९६ हजार रुग्ण, असा त्याचा आवाका. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग लगेच थांबवला. मग बाहेरच्या संशोधकांनी साधी तुलना केली. निबंधात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांमध्ये ७३ मृत्यू दाखवले होते, आणि सार्वजनिक नोंदींनुसार तोवर त्या संपूर्ण देशात झालेले मृत्यू होते ६७. शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले, स्वतंत्र परीक्षकांनी मूळ माहिती मागितली, माहिती पुरवणाऱ्या कंपनीने ती दिली नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेरा दिवस लागले. याच नियतकालिकात १९९८ साली लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध आला होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडले.

४. जर्नल कोणते? इथे पाच मिनिटांहून जास्त घालवू नका

पूर्वी जर्नलचा खर्च वाचनालये वर्गणीतून उचलत. खुल्या प्रकाशनात तो बऱ्याचदा लेखकाकडून घेतला जातो. वाचकाला निबंध फुकट मिळतो हे उत्तमच, पण जितके निबंध छापू तितकी कमाई, हा मोहही त्यातूनच आला. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने जाणूनबुजून ढोबळ चुका घातलेला बनावट निबंध ३०४ जर्नल्सना पाठवला, तर १५७ जणांनी तो स्वीकारला.

खुले जर्नल असेल तर ‘डीओएजे’ या सूचीत त्याचे नाव शोधा. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाकून नाव जुळते का बघा. खऱ्या जर्नलचे नाव आणि क्रमांक चोरून दुसरीच वेबसाइट उभी केलेली असते, तेव्हा वेबपत्ताही ताडून पाहा. काही दिवसांत परीक्षणाची हमी, कुणी मोजले ते न सांगता मिरवलेला ‘इम्पॅक्ट’चा, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचे सरासरी किती उल्लेख होतात त्याचा, आकडा, संपादक मंडळातल्यांचा विद्यापीठाच्या पानावर पत्ताच नाही, ही वाईट लक्षणे. आणि पबमेडवर निबंध दिसणे म्हणजे कुणी त्याला मान्यता दिली असे नव्हे. ती सूची आहे.

पाच मिनिटांची मर्यादा घातली ती याचसाठी, की वरचे दोन्ही निबंध जगातल्या नामांकित जर्नलमध्ये आले होते.

५. आकडे आणि शब्द स्वतः तपासा

सरासरीची एक परीक्षा गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही करता येते. तिला ‘ग्रिम’ म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी ती २०१६ मध्ये मांडली. समजा २० जणांना एकच प्रश्न विचारला, उत्तर १ ते ७ मधला पूर्णांक, आणि निबंधात सरासरी दिली ३.४७. आता ३.४७ ला २० ने गुणा: ६९.४. पण वीस पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच येणार. बेरीज ६९ असेल तर सरासरी ३.४५, ७० असेल तर ३.५०. मधली ३.४७ येऊच शकत नाही.

इथे थांबून लगेच ‘फसवणूक’ म्हणू नका. एकाने उत्तर दिलेच नसेल तर माणसे १९ उरतात, आणि ६६ ला १९ ने भागले की दोन दशांश स्थळांपर्यंत ३.४७ च येतात. निबंधात गळतीचा उल्लेख आहे का ते शोधा. तीन प्रश्नांची मिळून सरासरी काढली असेल तर माणसांच्या संख्येला तीनने गुणून मगच परीक्षा करा. दोन दशांश स्थळे दिलेली असतील तर शंभर किंवा त्याहून जास्त उत्तरांना ही परीक्षा लागू पडत नाही. त्या दोघांनी तपासता येण्याजोगे मानसशास्त्राचे ७१ निबंध घेतले, तेव्हा ३६ मध्ये निदान एक तरी न जुळणारी सरासरी निघाली.

शब्दांकडेही बघा. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी मजकूर यंत्राकडून फिरवून घेतला जातो, आणि मग रुळलेल्या संज्ञांची मोडतोड होते: ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. त्या विषयातला कोणताही माणूस असे लिहिणार नाही. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ नावाचे तंत्र तर जगात नाहीच. १९५९ च्या एका निबंधात दोन रकाने शेजारी होते. स्कॅन करताना डाव्या रकान्यातला शब्द उजव्यातल्या शब्दांना जोडला गेला, आणि अनेक वर्षांनी तो शब्दसमूह कित्येक निबंधांत जसाच्या तसा उगवला. असा शब्द दिसला की तो अवतरणचिन्हांत घालून शोधा.

६. आधी काय ठरवले होते?

औषध किंवा उपचारावरची चाचणी असेल तर निबंधात नोंदणी क्रमांक हवाच. प्रमुख वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी २००५ पासून आगाऊ नोंदणीची अट घातली. तो क्रमांक नोंदणी साइटवर टाका आणि मुख्य निकष काय लिहिला होता ते निबंधाशी ताडा. नोंदणीत ‘एका वर्षातले मृत्यू’ आणि निबंधात ‘तीन महिन्यांतली वेदना’ असेल, तर हवा तो निकष मागाहून निवडला असण्याची शक्यता मोठी. क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्हवर नोंदीत केव्हा काय बदलले तेही दिसते.

मूळ आकड्यांची फाइल जोडली असेल तर उघडून बघा. एक्सेल ‘सेप्ट२’ सारख्या जनुकनावाला तारीख समजून बदलते. अशा याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात ही चूक असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले, आणि २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावे बदलावी लागली. ‘माहिती मागितल्यास देऊ’ एवढेच लिहिले असेल तर मागून पाहा.

७. इतर काय म्हणतात?

छापलेल्या निबंधांवर जाहीर चर्चा चालते त्या ‘पबपीअर’ या संकेतस्थळावर डीओआय टाका. एकच चित्र दोनदा वापरणे, आलेख न जुळणे असे आक्षेप तिथे पुराव्यासह असतात. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंधांतली चित्रे डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्क्यांमध्ये गडबड सापडली. आक्षेप म्हणजे निकाल नव्हे. लेखकाचे उत्तर आहे का तेही वाचा.

मग गूगल स्कॉलरवर निबंधाखालचा ‘सायटेड बाय’ दुवा उघडा. उल्लेखांची संख्या मोजू नका, कारण खोडून काढणाराही उल्लेखच करतो. तोच प्रयोग दुसऱ्या कुणी केला का ते शोधा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. आरोग्याचा प्रश्न असेल तर एकट्या निबंधापेक्षा सगळे अभ्यास एकत्र तोलणारा, कॉक्रेन या संस्थेचा आढावा आधी वाचा.

पुढे पाठवायचे ठरले तर पीडीएफ पाठवू नका, डीओआयचा दुवा पाठवा, म्हणजे उद्या काही बदलले तर उघडणाऱ्याला ते दिसेल. सोबत एक ओळ लिहा: प्रीप्रिंट की परीक्षण झालेला, कितवी आवृत्ती, किती जणांवर, कोणत्या तारखेला तपासला. आधी पाठवलेला निबंध मागे घेतला गेल्याचे कळले तर ती सूचना त्याच ग्रुपमध्ये, त्याच संदेशाला उत्तर म्हणून टाका. आणि तुम्हालाच चूक सापडली असेल तर पान, तक्ता आणि आकडा नेमका देऊन आधी पत्रव्यवहाराच्या लेखकाला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही तर तेच पत्र संपादकांना पाठवा.